खारघरच्या गवतात सापडलेली पिल्लं: रानससा की पाळीव ससा, आणि आज संध्याकाळपर्यंत काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. खारघरला टेकडीच्या पायथ्याशी, पांडवकडा धबधब्याच्या बाजूच्या गवतात काल संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांना सशाची दोन पिल्लं सापडली. आई जवळपास दिसली नाही म्हणून मुलांनी ती घरी आणली. शेजारी म्हणतात, कुणीतरी दुकानातले ससे सोडून दिले असतील. वॉचमन म्हणतो, हे रानससेच. प्रश्नकर्त्यांच्या घरी पाळलेली सशीण आहे आणि तिने नुकतीच पिल्लं घातली आहेत, तेव्हा ही दोन तिच्याखाली सोडावीत का, असं त्यांनी विचारलंय. शिवाय दिल्लीच्या भावाने सांगितलं की तिकडच्या रानसशाच्या मानेवर काळा डाग नसतो, मग आपल्याकडचा आणि तिकडचा या दोन वेगळ्या जाती आहेत का?

यातला तातडीचा भाग पहिला, कारण त्याला आज संध्याकाळची मुदत आहे. काळ्या मानेचं नंतर सांगतो, त्याला घाई नाही.

खरा प्रश्न "हा कोणता ससा" एवढाच नाही. ही पिल्लं खरोखर अनाथ आहेत का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पिल्लं कोणत्या जातीची यावरच ठरतं. रानससा आणि पाळीव ससा दिसायला भाऊभाऊ वाटतात, पण दोघांची पिल्लं जगात येतात ती अगदी वेगळ्या तयारीने. आपल्याकडचा रानससा म्हणजे, शास्त्रीय नावाने, लेपस नायग्रिकॉलिस. दुकानात मिळणारा पांढरा, काळा, ठिपक्यांचा कोणताही ससा म्हणजे ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. तो मूळचा स्पेन-पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सच्या भागातला, बिळं खणून कळपाने राहणारा प्राणी. भारताच्या रानात तो मुळात नाहीच. म्हणून येऊर, पारसिक, खारघर किंवा कर्नाळा या ठाणे-रायगडच्या टेकड्यांवर गवतात ससा दिसला तर तो एक तर रानससा असतो, नाहीतर कुणीतरी सोडलेला पाळीव ससा.

पिल्लू हातात घेतल्यावर मी रंग बघत नाही. आधी पोट बघतो. पिल्लाला मऊ टॉवेलात धरून हलकेच उताणं करा आणि नाळेची जागा शोधा. तिथे वाळलेला, काळपट, दोऱ्यासारखा तुकडा असेल तर पिल्लू फक्त काही दिवसांचं आहे. आता त्याच पिल्लाचे डोळे उघडे असतील आणि अंगभर केस असतील, तर विषय संपला, तो रानससाच. कारण पाळीव सशाचं पिल्लू जन्मतं ते उघडं, गुलाबी, डोळे आणि कान मिटलेलं. केसांची लव यायला साधारण आठवडा लागतो आणि डोळे उघडायला दहा ते बारा दिवस. तोपर्यंत नाळ कधीच गळून गेलेली असते. नाळ शिल्लक आणि डोळे उघडे या दोन गोष्टी पाळीव पिल्लात एकत्र सापडत नाहीत.

असं का, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पाळीव सशाच्या रानटी पूर्वजांची मादी जमिनीखाली बीळ खणते, त्यात गवत आणि स्वतःच्या अंगाचे केस पसरून घरटं करते, आणि गर्भ ३० ते ३२ दिवसांतच बाहेर येतो. बिळाची ऊब आणि अंधार असल्यामुळे पिल्लं अर्धवट वाढलेली असली तरी चालतं. रानससा बीळ करत नाही. त्याची मादी करवंदाच्या जाळीखाली किंवा गवताच्या ठोंबाआड उघड्यावरच विते. उघड्यावर जन्मलेल्या पिल्लाला पहिल्या तासापासून ऊन-वारा सोसावा लागतो आणि मुंगसाच्या, घारीच्या नजरेतून सुटावं लागतं. म्हणून ते पोटात जास्त दिवस राहतं, सहा आठवड्यांच्या आसपास किंवा त्याहून थोडं जास्त, आणि बाहेर येतं तेच केस, डोळे, कान सगळं तयार घेऊन. पाळीव सशीण एका वेळी सहा-आठ पिल्लं घालते. रानसशीण एक ते तीन, क्वचित चार. तुमच्याकडे दोन आहेत, हेही रानसशाला साजेसं आहे.

नाळ नसेल तर निर्णय थोडा अवघड होतो, कारण दोन आठवड्यांचं पाळीव पिल्लूही केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं. अशा वेळी वागणूक बघा. रानसशाचं पिल्लू धोका वाटला की पाठ खाली घालून, कान मागे चिकटवून दगडासारखं निश्चल होतं. बोट लावलं तरी हलत नाही, आणि मग अचानक सुटतं ते सरळ रेषेत, लांब उड्या मारत. पाळीव पिल्लू त्या वयात डगमगत चालतं, बाजूच्या भावंडाखाली शिरायला बघतं. पायही बघा. रानसशाचे मागचे पाय लहानपणीच अंगाच्या मानाने लांब आणि सडपातळ दिसतात, पाळीव पिल्लू गोलमटोल असतं.

कोणत्या खुणा फसवतात तेही सांगतो, कारण फोटो पाहून उत्तर देणारे नेमक्या त्यांच्यावरच बोट ठेवतात. पहिली रंगाची. रानसशाच्या प्रत्येक केसावर फिका-गडद-फिका असे पट्टे असतात, त्यामुळे तो मातकट, काळी झाक मारणारा तपकिरी दिसतो. पण पाळीव सशातही हा मूळ रानटी रंग येतो. म्हणजे पांढरा, तांबड्या डोळ्यांचा, काळा-पांढरा किंवा लोंबत्या कानांचा असेल तर तो नक्की पाळीव, पण तपकिरी असेल तर नक्की रानटी, असं उलट म्हणता येत नाही. दुसरी कानांची. मोठ्या रानसशाचे कान डोक्यापेक्षा लांब असतात हे खरं, पण नवजात पिल्लाचे कान आखूडच असतात, त्यावरून काही ठरवू नका. तिसरी मानेवरच्या काळ्या डागाची. मोठ्या सशात तो उत्तम खूण आहे, पण काही दिवसांच्या पिल्लात तो शोधत बसू नका. आणि कपाळावर पांढरा ठिपका असला तर त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

मोठा प्राणी असेल तर प्रश्नच उरत नाही. रानससा उंच पायांचा, लांब तोंडाचा, छाती खोल असलेला असतो आणि माणसाला जवळ येऊ देत नाही. तो पळूनच जीव वाचवतो, त्यामुळे त्याचं हृदय अंगाच्या मानाने मोठं आणि नाकाच्या पोकळ्या रुंद असतात. पाळीव सशाचं शरीर बिळापर्यंतच्या छोट्या धावेसाठी घडलेलं आहे. टेकडीवर कधी सशाची कवटी सापडली तर डोक्याच्या मागच्या भागात बघा. पाळीव सशात तिथलं एक लहान त्रिकोणी हाड मोठेपणीही वेगळं, शिवणीसकट दिसतं. रानसशात ते आजूबाजूच्या हाडांत मिसळून गेलेलं असतं.

आता आई कुठे आहे, ते. ती बहुधा तिथेच आहे, तुम्हाला दिसत नाही इतकंच. रानसशीण पिल्लांजवळ बसून राहत नाही. ती बसली तर तिच्या वासाने आणि हालचालीने शत्रू थेट पिल्लांपर्यंत पोचेल. पिल्लांना स्वतःचा वास फार कमी असतो, म्हणून त्यांना एकटं सोडणं हीच त्यांची राखण. याचा बारकाईने अभ्यास युरोपातल्या तपकिरी रानसशावर झालाय. तिथे मादी सूर्यास्तानंतर साधारण तासाभरात एकदाच येते, काही मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते. पिल्लं दिवसभर वेगवेगळी लपलेली असतात आणि त्या वेळेला जन्माच्या जागी गोळा होतात. आपल्याकडचा रानससाही याच धाटणीचा. त्यामुळे भर दुपारी गवतात एकटं, निमूट बसलेलं पिल्लू दिसणं ही संकटाची खूण नसून अगदी नेहमीची स्थिती आहे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत घरोघरी आहे, पण ती खरी नाही. हात लागला म्हणून परत ठेवायचं थांबवू नका.

तेव्हा पिल्लं धडधाकट असतील तर आज संध्याकाळी ती परत त्याच जागी जायला हवीत. आधी १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करून नोंद द्या आणि त्यांच्या सल्ल्याने चाला. याचं कारण पुढे लिहितो. मग ज्या मुलांना पिल्लं सापडली त्यांनाच बरोबर घ्या, कारण जागा नेमकी हवी. "टेकडीजवळ" चालणार नाही, तोच गवताचा ठोंब, फार तर दहा-पंधरा पावलं इकडे-तिकडे. सूर्य मावळायच्या थोडं आधी पोचा. पिल्लं गवताच्या बुडाशी, आडोसा असेल अशा ठिकाणी एकमेकांपासून हातभर अंतरावर ठेवा. पिल्लू लगेच पळालं तर पाठलाग नको, ते आसपासच दबून बसतं. मग मुलांसकट पूर्ण निघून या. अंधारात टॉर्च मारत थांबलात, फोटोसाठी परत गेलात तर मादी येणार नाही, कारण ती आधी दुरून सगळं निरखते. पिल्लं कालच उचललेली असल्यामुळे आईचा एक पाजायचा फेरा चुकलाय. तेवढ्याने निरोगी पिल्लू मरत नाही आणि आईचं दूधही आटत नाही. मात्र आणखी दोन-तीन दिवस घरी ठेवलीत तर ही संधी जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा दुरून बघायला हरकत नाही. पिल्लं तिथे नसतील तर घाबरू नका, ती जागा बदलतात. तिथेच पडलेली, थंड, सुरकुतलेल्या कातडीची दिसली तर आई आली नाही असं समजून वनविभागाला पुन्हा कळवा. पाणी कमी झालंय का, हे खांद्यामागची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर कळतं. ती लगेच सपाट झाली नाही तर पिल्लू सुकलंय.

परत ठेवायची नाहीत अशी परिस्थितीही असते. अंगावर जखम आहे, पाय लोंबतोय, केसांत माशीची बारीक पांढरी अंडी चिकटली आहेत, हाताला अंग गार लागतंय, आई रस्त्यावर मेलेली मिळाली आहे, वणवा लागून गेलाय किंवा ती जागाच जेसीबीने सपाट केली आहे, या सगळ्यांत पिल्लू थेट उपचाराला गेलं पाहिजे. मांजराने किंवा कुत्र्याने तोंडात धरलं असेल तर जखम दिसली नाही तरी जा. मांजराच्या दातांतून जाणारे जंतू इतक्या लहान जिवात एक-दोन दिवसांत पसरतात आणि वरून फक्त सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसतं.

संध्याकाळपर्यंत किंवा उपचार मिळेपर्यंत पिल्लं कशी ठेवायची? पुठ्ठ्याचा खोका, झाकण असलेला, बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं, आत धागे न निघणारा जुना सुती कपडा. पिंजरा नको, कारण पिल्लू जाळीवर तोंड आपटतं. खोका घरातल्या सगळ्यात शांत आणि अंधाऱ्या खोलीत ठेवा, टीव्ही, कुत्रं, मांजर आणि पाळलेल्या सशिणीपासून लांब. अंग गार असेल तरच खोक्याच्या अर्ध्या भागाखाली कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा, म्हणजे गरम वाटलं तर पिल्लाला सरकायला अर्धी जागा उरते. सगळ्या मुलांना दाखवणं, कुरवाळणं, मांडीवर घेणं बंद. रानससा भीतीनेच मरू शकतो. धरपकडीच्या ताणाने स्नायू निकामी होऊन काही तासांनी किंवा दिवसांनी जीव जातो आणि लोकांना वाटतं, बरा होता, अचानक गेला. उचलायची वेळ आलीच तर डोळ्यांवरून कपडा टाकून, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली. कान धरून कधीच नाही. मागचे पाय मोकळे राहिले तर लाथेच्या जोराने सशाचा कणा मोडू शकतो, आणि हे पाळीव सशालाही तितकंच लागू आहे.

खाण्याच्या बाबतीत बहुतेक पिल्लं प्रेमानेच दगावतात. आज परत ठेवणार असाल तर काहीही देऊ नका. दिवसातून एकदाच पिण्याची त्यांची रीत आहे, दिवसभर उपाशी राहणं त्यांना नवं नाही. गाईचं किंवा पिशवीतलं दूध तर मुळीच नको. सशांचं दूध फार दाट असतं. पाळीव सशिणीच्या दुधात फॅट आणि प्रथिनं प्रत्येकी दहा टक्क्यांच्या वर जातात आणि दुधातली साखर अगदी थोडी असते. गाईच्या दुधात फॅट साडेतीन-चार टक्के, प्रथिनं तीन-साडेतीन आणि साखर पाचच्या जवळ. म्हणजे जे हवं ते कमी आणि जे पचत नाही ते भरपूर. परिणामी जुलाब, पोटफुगी आणि एका रात्रीत शेवट.

वनविभाग किंवा डॉक्टर रात्रीत मिळालेच नाहीत आणि पिल्लू सुकत चाललंय, अशाच वेळी मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कोमट पाण्यात कालवून वापरता येते. तीही आधी पिल्लाचं अंग उबदार असल्याची खात्री करून, कारण गार पडलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही. एक मिलिलिटरची सुई काढलेली सिरिंज घ्या. पिल्लू चार पायांवर, जसं उभं असतं तसं ठेवा, बाळासारखं उताणं नाही. ओठाच्या कडेला एकेक थेंब सोडा आणि त्याला चाटू द्या. सिरिंजचा दट्ट्या दाबून दूध घशात ढकललं की ते फुप्फुसात जातं. नाकातून थेंब आला तर तिथेच थांबा. एका वेळी वजनाच्या पाच टक्क्यांवर जाऊ नका, म्हणजे १०० ग्रॅमच्या पिल्लाला फार तर ५ मिलिलिटर, आणि दिवसातून दोनदा पुरे. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा, कारण आई चाटते तेव्हाच अगदी लहान पिल्लं लघवी करतात. वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा चालतो.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ही पिल्लं गवत कुरतडू लागतात. थोडं मोठं पिल्लू असेल तर खोक्यात ताजी हरळी ठेवा. गाजर, केळं, बिस्किट, भिजवलेली चपाती यांतलं काहीही नको.

औषधांबद्दल दोन गोष्टी मनात पक्क्या करा, त्या दोन्ही सशांना सारख्याच लागू आहेत. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या कुळातलं औषध सशाला तोंडाने दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा दगावतो. घरातली उरलेली गोळी किंवा लहान मुलाचं सिरप वापरायचं नाही. आणि गोचीड दिसले म्हणून कुत्र्याचं फिप्रोनिलचं औषध लावायचं नाही, ते सशाला विषारी आहे. गोचीड चिमट्याने डोक्याजवळ धरून सरळ ओढून काढता येतात. पिल्लू चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या सशिणीखाली ही पिल्लं सोडू नका. विचार चांगला आहे, पण तीन ठिकाणी अडतं. ती घरट्यात जाते, डोळे मिटलेल्या, एकाच जागी पडून राहिलेल्या पिल्लांना वरून उभी राहून पाजते. रानसशाचं पिल्लू तिच्या पेटीत शांत बसणार नाही, ते सुटायला बघेल, आणि नुकतीच विलेली सशीण परक्या, पळणाऱ्या प्राण्यावर दात-नखं चालवते. दुसरं, पाळीव सशांत मेंदू आणि मूत्रपिंडात राहणारा एक सूक्ष्म परजीवी अनेकदा आढळतो, तो लघवीतून बाहेर पडतो. आतड्यातला कॉक्सिडिया हा परजीवीही असू शकतो. ससा वरून ठणठणीत दिसतो. अशा सशिणीजवळ वाढवलेलं पिल्लू रानात सोडणं म्हणजे तिथे नवी रोगराई नेणं. उलट्या दिशेनेही, रानातून आलेल्या पिल्लाचे गोचीड आणि जंतू तुमच्या घरच्या पिल्लांना नकोत. तिसरं, माणसाच्या आणि पाळीव प्राण्याच्या सोबतीत वाढलेला रानससा कुत्र्यालाही घाबरत नाही, आणि मग टेकडीवर सोडल्यावर त्याचं काय होणार ते सांगायला नको.

मोठे झाल्यावर जोडी लावता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. रानसशात ४८ गुणसूत्रं, पाळीव सशात ४४. संकर होत नाही, आणि दोघांना एकत्र ठेवलं तर मारामारीच होते.

इथे कायद्याचा भाग येतो. रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं हेसुद्धा या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत बसतं, त्यामुळे "पाळायला ठेवतो" हा पर्यायच नाही. वन्य प्राणी कोणत्याही कारणाने ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. १९२६ ला फोन करा म्हणतो ते यासाठी. फोन करताना जिल्हा नीट सांगा. पत्त्यात नवी मुंबई लिहितो म्हणून सगळी ठिकाणं एकाच कार्यालयाकडे येत नाहीत. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, उलवे रायगड जिल्ह्यात पनवेलच्या बाजूला. ठाण्यात येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. चुकीचं ठिकाण सांगितलं की फोन या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरतो आणि पिल्लू तोवर खोक्यात.

तपासणीत पिल्लं पाळीव निघाली तर सगळं उलटं करायचं. ती परत गवतात ठेवायची नाहीत, येऊरला तर नाहीच नाही. पाळीव ससा इथल्या उन्हाळ्यात उघड्यावर तग धरत नाही, तिशीच्या वरच्या तापमानात त्याला उष्माघात होऊ शकतो, आणि कुत्र्यांपुढे त्याचा काहीच टिकाव लागत नाही. पाळीव प्राणी असा टाकून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हाही आहे. घरट्यातलं पिल्लू असेल आणि तुमच्या सशिणीची पिल्लं त्याच वयाची असतील, तर मात्र पशुवैद्याने तपासल्यावर ती तिच्याखाली देऊन बघता येतात. तेही तिच्या पेटीतले केस पिल्लांना चोळून, रात्री, तिच्या स्वतःच्या पिल्लांच्या मधोमध ठेवून.

आता दिल्लीच्या भावाचं. त्याचं निरीक्षण बरोबर आहे. आपल्याकडच्या सशाच्या मानेवर, दोन कानांच्या मागे काळा डाग असतो आणि शेपटीची वरची बाजूही काळी. उत्तर भारतातल्या सशाची मान तपकिरी-करडी आणि शेपटी वरून तांबूस-तपकिरी. शेपटीची खालची बाजू दोघांचीही पांढरी. या फरकावरून एकोणिसाव्या शतकात दोघांना वेगळी नावं मिळाली, १८२३ मध्ये काळ्या मानेच्या सशाला नायग्रिकॉलिस आणि १८२६ मध्ये तांबूस शेपटीच्या सशाला रुफिकॉडेटस. बराच काळ त्या दोन जाती मानल्या गेल्या. वन्यजीव कायद्याच्या जुन्या परिशिष्टातही त्यांची नावं वेगवेगळी होती, आणि राजस्थान-कच्छच्या वाळवंटी सशाचं तिसरं. आज बहुतेक तज्ज्ञ तिघांनाही एकाच जातीच्या उपजाती धरतात, कारण रंग सोडला तर विण्याची रीत, उघड्यावर राहणं, खाणं यांत म्हणावा असा फरक नाही. त्यांच्या प्रदेशांची ढोबळ सीमा गोदावरी मानतात. ठाणे-पनवेल तिच्या दक्षिणेला येतं, म्हणून इथे काळी मान. पण ही सीमा काटेकोर नाही, त्यामुळे नाशिक-जळगावकडे फिकट मानेचा ससा दिसला तर नवी जात सापडली असं समजू नका. पळताना शेपटीवरून ओळखायला जाऊ नका. ती वर उचलली की वरची काळी बाजू पाठीकडे जाते आणि मागून पांढरंच दिसतं, म्हणून ससा थांबून बसल्यावरच रंगाचा निर्णय करा.

तुमच्या सोसायटीमागे रानससे खरोखर आहेत का, हे ससा न बघताही कळतं. गवत कापायच्या आधी ही पाहणी कराच, कारण पिल्लं यंत्राच्या आवाजाने पळत नाहीत, दबून बसतात आणि पात्याखाली येतात. सकाळी लवकर पायवाटेच्या कडेने लेंड्या शोधा. रानसशाची लेंडी वाटाण्यापेक्षा मोठी, गोल पण किंचित चपटी, वाळल्यावर फिकट पिवळट-तपकिरी. बोटांत चिरडली तर आत नुसत्या गवताच्या बारीक काड्या निघतात, भुश्यासारख्या, आणि वास जवळजवळ नाही. भेकराची लेंडी गडद, चकचकीत आणि एका टोकाला निमुळती असते. रानसशाच्या लेंड्या विखुरलेल्या मिळतात. एकाच जागी ढीग आणि शेजारी उकरलेली माती असेल तर सोडलेला पाळीव ससा असण्याची शक्यता जास्त. गवताच्या काड्या सुरीने तिरक्या कापाव्यात तशा तुटलेल्या दिसतात. आणि ठोंबाच्या बुडाशी, वाऱ्याला पाठ करून, सशाच्या अंगाएवढा लांबट खळगा दिसेल, मागच्या बाजूला जरा खोल. हात लावून बघा, गवत चोपून गुळगुळीत झालेलं असेल तर तो वापरात आहे.

असा खळगा मिळाला तर त्याच्याभोवती दहा-बारा फूट गवत उभं ठेवून बाकीचं कापायला सांगा. कापणी मधून सुरू करून कडेकडे न्या, म्हणजे मोठ्या सशांना टेकडीच्या बाजूने निसटता येतं. बाहेरून गोल फिरत आत आलात तर ते मधल्या गवतात कोंडले जातात. वाळलेलं गवत पेटवून साफ करण्याची जी पद्धत फेब्रुवारीपासून या टेकड्यांवर दिसते ती तर पूर्ण बंद व्हायला हवी, कारण आगीतही पिल्लू जागचं हलत नाही. मुलांना एवढंच शिकवा की गवतात पिल्लू दिसलं तर जागा लक्षात ठेवायची, हात लावायचा नाही, आणि घरी येऊन मोठ्यांना सांगायचं.

आज संध्याकाळी जाण्याआधी नाळेचा आणि डोळ्यांचा जवळून एक फोटो इथे टाका. वय ठरवायला तेवढा पुरतो.